सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय संबंध: गोव्यातून शिकायचे तर कसे?

डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. राज्यशास्त्र घेऊन ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे सुरक्षा व आंतरराष्ट्रीय संबंध हाच विषय धरायचा तिच्या मनात आहे. बाबा म्हणतात, बी.एड. कर आणि मोकळी हो. मामा तारवटी, म्हणजे परदेशी जहाजावर काम करणारा आहे, तो विचारतो की यात नोकरी कुठली. तिला स्वतःला तीन शंका आहेत: दिल्ली गाठावीच लागेल का, गणित टाळून आर्ट्सला आले ते आता अडेल का, आणि इंग्रजी बोलताना जीभ अडखळते त्याचे काय?

गोव्यातल्या कॉलेजात हा विषय शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुला अरे-तुरे केले तर राग मानू नकोस, ती वर्गातली सवय आहे.

दिल्लीचे आधी सांगते, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. जेएनयूची स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ साली वेगळी संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. तिथली ग्रंथसंपदा, प्रदेशवार केंद्रे आणि शेजारच्याच इमारतीत शिकवल्या जाणाऱ्या परकीय भाषा हे सगळे एका जागी देशात दुसरीकडे मिळणे कठीण. सीयूईटी-पीजी ही केंद्रीय प्रवेश परीक्षा देऊन जाता आले तर जरूर जा. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तुझा कल लष्करी बाजूकडे असेल तर तो जवळचा आणि खिशाला झेपणारा. ताळगावच्या पठारावर आपल्या गोवा विद्यापीठात राज्यशास्त्र आहे, आंतरराष्ट्रीय आणि प्रादेशिक अभ्यास आहे आणि पोर्तुगीजही शिकवतात. पोर्तुगीजकडे मी पुढे येणारच आहे. पण दिल्लीला जाऊन दोन वर्षे रोज संध्याकाळी परिसंवाद ऐकून, फुकटचा चहा पिऊन, एकही स्वतःचा प्रश्न न घेता परत आलेली मुले मी पाहिली आहेत. कुठल्या शहरात शिकतेस यापेक्षा कोणता प्रश्न हातात धरून शिकतेस याने जास्त फरक पडतो. प्रश्न जितका अरुंद तितके बरे.

पहिल्या वर्षाला या विषयाच्या ओढीने येणाऱ्या मुलांना क्षेपणास्त्रांचे पल्ले तोंडपाठ असतात. कुठल्या देशाकडे किती पाणबुड्या, तेही ठाऊक असते. टीव्हीवरच्या चर्चा पाहून मते पक्की झालेली असतात. हा उत्साह मला आवडतो, पण त्याला अभ्यास म्हणत नाहीत. अभ्यास सुरू होतो तो ‘असेच का झाले, वेगळे का नाही झाले’ असे विचारून त्याचे उत्तर कागदपत्रांत शोधायला बसल्यावर. उदाहरणासाठी लांब जायला नको.

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, आपण शाळेपासून झेंडावंदनाने ओळखतो. त्याच्या आदल्या दिवशी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्य गोव्यात शिरल्याच्या पोर्तुगालच्या तक्रारीवरून न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली होती. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला की लढाई ताबडतोब थांबवावी आणि भारताने आपले सैन्य १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी मागे न्यावे. ठरावाच्या बाजूने ७ मते पडली, विरोधात ४. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. सोव्हिएतांबरोबर विरोधात कोण होते? सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). म्हणजे ज्या घटनेबद्दल आपल्या मनात तिळमात्र शंका नाही, तिच्याविरुद्ध परिषदेत सरळ बहुमत होते. वर्गात हे सांगितले की पाच मिनिटे कोणी बोलत नाही. मग कोणीतरी म्हणते, ‘मॅडम, शीतयुद्ध.’

बरोबर, पण अर्धेच. पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटात होता आणि ठराव मांडणारे चौघेही नाटोतले. तरीही पोर्तुगालच्या मदतीला एक जहाज आले नाही. का? नाटोच्या कराराचे सहावे कलम काढून वाच. सामूहिक संरक्षणाची हमी युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचा अटलांटिक एवढ्यापुरती आहे. गोवा त्या नकाशातच नव्हता. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांची मैत्री तर चौदाव्या शतकापासूनची, युरोपातली सर्वांत जुनी समजली जाणारी. तीही भाषणापलीकडे गेली नाही. आता ७ मतांची यादी पुन्हा बघ: त्यात चिली आणि इक्वेडोर आहेत, ते नाटोत नव्हते. चीनची जागा तेव्हा तैपेईच्या, म्हणजे तैवानमधल्या सरकारकडे होती, तेही त्या सातांत. या प्रत्येकाचे कारण वेगळे निघते, आणि ते शोधण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. परिषदेच्या ९८७ आणि ९८८ क्रमांकाच्या बैठकांची इतिवृत्ते संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात. साखळीच्या घरात बसून, मोबाइलच्या रेंजवर.

त्यानंतर कायद्याची बाजू घे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या दुसऱ्या कलमाने दुसऱ्या राज्याविरुद्ध बळ वापरायला मनाई केली आहे. भारताचे म्हणणे असे की वसाहत ही कोणाची सरहद्द होऊच शकत नाही, आणि १४ डिसेंबर १९६० च्या १५१४ क्रमांकाच्या ठरावाने आमसभेने वसाहतवाद संपवण्याची हाक दिली आहे. दुसऱ्याच दिवशीच्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी दिली आहे, तिच्यात गोवा आहे. पोर्तुगाल मात्र याला वसाहत म्हणतच नव्हता, सागरापारचा प्रांत म्हणत होता. याच सुमारास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही एक खटला होऊन गेला होता. दादरा-नगरहवेलीकडे भारतीय भूमीतून जाण्याच्या हक्काचा तो खटला पोर्तुगालने १९५५ साली घातला आणि निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान यांना वाट मिळण्याचा हक्क होता, सशस्त्र दलाला नव्हता, आणि भारताने काही भंग केलेला नाही, असे न्यायालय म्हणाले. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असे सांगता येईल असा निकाल. असे निकाल वाचताना मजा येत असेल तर हा विषय तुझा आहे असे खुशाल समज.

आणि मग खरा प्रश्न: डिसेंबर १९६१ च का? १९४७ पासून चौदा वर्षे थांबलेल्या सरकारने नेमके तेव्हाच पाऊल का उचलले? केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकी अभ्यासकाने युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर तपासायची रीत घालून दिली: माणूस, राज्य, आणि राज्यांची मिळून होणारी व्यवस्था. ती इथे लावून बघ. माणसांच्या पातळीवर नेहरूंची द्विधा आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची घाई. राज्याच्या पातळीवर फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुका, मेनन उत्तर मुंबईतून उभे, आणि नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ बोटीवर झालेल्या गोळीबाराने तापलेले लोकमत. व्यवस्थेच्या पातळीवर अंगोला या पोर्तुगीज वसाहतीतला उठाव आणि ऑक्टोबर १९६१ ला दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर भरलेला परिसंवाद. तिथे आफ्रिकी नेत्यांनी भारताला सुनावले की तुम्हीच मागे राहिलात. परीक्षेत मुले या तिन्ही गोष्टी लिहितात, खाली रेघ मारतात आणि पूर्ण गुण मागतात. मी देत नाही. तिन्हींपैकी कशाचे वजन जास्त, आणि कोणता पुरावा सापडला तर तुझे म्हणणे खोटे ठरेल, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर होत नाही. माझे स्वतःचे मत आफ्रिकी दडपणाकडे झुकते. निवडणुकीचे कारण पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी गरजेपेक्षा फुगवले असे मला वाटते. माझे सहकारी याच्याशी सहमत नाहीत आणि स्टाफरूममध्ये आमचे यावर अजून वाजते.

एवढ्या एका प्रकरणात सत्तासमतोल, आंतरराष्ट्रीय कायदा, देशांतर्गत राजकारण आणि परराष्ट्र धोरणाची निर्णयप्रक्रिया हे एम.ए.चे चार पेपर येऊन गेले. शेवटचा धागाही राहिला आहे: पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, म्हणजे एप्रिल १९७४ च्या क्रांतीने लिस्बनमधली राजवट उलथल्यानंतर. तेरा वर्षे गोव्याच्या बाबतीत ताबा एकाचा आणि हक्काचा दावा दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. तिचा व्यवहारावर काय परिणाम झाला यावर अजून बरेच लिहिण्यासारखे आहे.

आता सुरक्षेकडे. सुरक्षा म्हणजे सीमा आणि सैन्य ही व्याख्या जुनी झाली असे पुस्तके सांगतात, ते पाठ करून काही हाती लागत नाही. तुझ्या मामाच्या जगातला एक प्रसंग घे. १३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या सैनिकांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘एमएससी एरिस’ हे कंटेनरवाहू जहाज ताब्यात घेतले. जहाजावर २५ माणसे, त्यातली १७ भारतीय. मालकीचा धागा एका इस्रायली उद्योगपतीपर्यंत जातो, चालवणारी कंपनी जिनिव्हाची, आणि झेंडा कोणाचा, तर पोर्तुगालचा. या १७ जणांच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची? झेंड्याच्या देशाची, कंपनीची, की पासपोर्ट देणाऱ्या भारताची? आणि पकडणाऱ्या देशाशी भारताचे संबंध चांगले, ज्याच्यावर राग काढला त्याच्याशीही चांगले. अशा वेळी दिल्ली कोणत्या शब्दांत बोलते, काय बोलायचे टाळते, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या दिवसांतल्या निवेदनांवरून ओळीओळीने दाखवता येते. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्याचे पडसाद आपल्याकडे बाणावली-कुंकळ्ळीपासून पेडण्यापर्यंत घराघरांत उमटले, कारण जहाजावरचा करार सोडावा की जावे हा निर्णय तिथेच होत होता. राज्याची सुरक्षा आणि माणसाची सुरक्षा यांतला ताण या घरांत समजतो. यावर गोव्यातून एखादा नीट प्रबंध यायला हवा असे मी कधीपासून म्हणते आहे.

इथे एक टीप. तारवट्यांच्या मुलाखती घ्यायच्या तर त्यांची लेखी संमती घे, नावे बदल, कंपनीचे नाव लिहू नकोस. पुढचा करार त्या कंपनीकडूनच यायचा असतो.

पोर्तुगीजचे सांगायचे राहिले होते. आंतरराष्ट्रीय संबंधांत एक प्रदेश आणि त्या प्रदेशाची भाषा धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चिनी, अरबी, रशियन शिकणारे दिल्लीत शेकड्यांनी आहेत. पोर्तुगीज शिकून मोझांबिक धरणारे भारतात किती असतील? मोझांबिकच्या उत्तरेला काबो देल्गादो प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंड चालू आहे. त्याच किनाऱ्यावर नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत, आणि त्यातल्या एका क्षेत्रात भारताच्या सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला आणि पुढच्याच महिन्यात तो वायुप्रकल्प चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीने काम थांबवल्याचे जाहीर केले. आपले पैसे तिथे अडकले, आणि या बंडावरची स्थानिक बातमीदारी मोठ्या प्रमाणावर पोर्तुगीजमध्ये आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे, त्यामुळे जुने कागद पणजीच्या पुराभिलेखागारात. ऊर्जासुरक्षा, हिंदी महासागर, बंडखोरी आणि अभिलेख अशा चार वाटा एका भाषेपाशी येऊन मिळतात आणि ती भाषा तुला बसच्या अंतरावर शिकायला मिळते. पोर्तुगीज म्हटले की आपल्याकडे एक तर आजोबांच्या आठवणी निघतात नाही तर पासपोर्टची चौकशी. अभ्यासाचे हत्यार म्हणून तिच्याकडे फार थोडे बघतात.

मराठी येते याचाही फायदा घे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल लिहिले आहे की हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, यांच्यापैकी प्रत्येकाच्या मागे राज्य उभे आहे. किनाऱ्यावर जागा देताना सांभाळा. २०१७ साली श्रीलंकेने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी सरकारी कंपनीला दिले, त्या वादाशेजारी हा मजकूर ठेवून वाच. आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांसाठी इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचे काम आहेच. आपल्या विद्यार्थ्यांना अमेरिकी अभ्यासक मॉर्गेन्थाऊ माहीत असतो, पिसुर्लेकर माहीत नसतात.

वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या तळांचे काम तिथून चालते. दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था. खोल समुद्राच्या तळावरच्या धातूंच्या गाठी शोधण्याच्या तिच्या कामामुळे १९८७ साली भारताला त्या क्षेत्रात पहिला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून मान्यता मिळाली. अंटार्क्टिका कोणाचा, समुद्राचा तळ कोणाचा, हे प्रश्न पूर्णपणे आपल्या विषयाचे आहेत, पण आर्ट्सची मुले तिकडे फिरकत नाहीत. व्याख्यान असेल तेव्हा जा, मागच्या बाकावर बस, कोणी हाकलत नाही.

वेऱ्याच्या नौदल युद्ध महाविद्यालयाबद्दल मात्र गैरसमज नको. करंजाहून २०११ मध्ये ते गोव्यात आले, मोठ्या परिषदा घेते, पण तिथले अभ्यासक्रम सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी आहेत. दरवर्षी एखादा पालक प्रवेशाची चौकशी करतो. आणि प्रकल्पासाठी दाबोळीच्या नौदल तळाभोवती फोटो काढत फिरू नकोस. छापील, जाहीर झालेल्या माहितीवर काम कर; तीच वाचून संपत नाही.

गणिताची भीती काढून टाक. कॅल्क्युलस लागत नाही. सरासरी, टक्के, निर्देशांक आणि तक्ता शंकेखोर नजरेने वाचणे एवढे लागते. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचे शस्त्रव्यवहाराचे आकडे सगळेच वापरतात. ते आकडे मोजलेल्या किमतीचे नसून हस्तांतरित झालेल्या लष्करी क्षमतेचे एकक आहेत, हे तिथेच स्पष्ट लिहिलेले असते. तरी निम्मे विद्यार्थी पुढे डॉलर लावून मोकळे होतात. संख्याशास्त्राचा एक प्राथमिक पेपर घे, तेवढ्यावर निभावते.

इंग्रजी बोलणे सवयीने येते, लिहिणे मात्र बसून करावे लागते. आठवड्याला एक पान लिही. आधी मराठीत मुद्दा सुटसुटीत मांड, मग तोच इंग्रजीत उतरव. ज्यांचा मुद्दा मराठीतही धूसर असतो त्यांना इंग्रजीचे क्लास लावून फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

नोकरीचे खरे सांगते. परराष्ट्र सेवेत जागा दरवर्षी मोजक्या असतात. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा यूपीएससीचा पर्यायी विषय, दोन पेपर, ५०० गुण. पण त्या एका परीक्षेवर आयुष्याची चार वर्षे लावायची तर घरच्यांशी आधी मुदत ठरवून घे. दिल्लीतल्या अभ्याससंस्थांत, अगदी पर्रीकरांचे नाव दिलेल्या संरक्षण अभ्यास संस्थेतही, सुरुवातीच्या जागा थोड्या आणि मुदतीच्या असतात. प्राध्यापकीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी, आणि कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर राबायची तयारी. ज्याबद्दल कोणी सांगत नाही असे एक दालन आहे: जहाजविमा, देशांवरच्या आर्थिक निर्बंधांची तपासणी करणारे बँकांचे विभाग, कंपन्यांसाठी देशोदेशीच्या राजकीय जोखमीचे अहवाल. तिथे नेमके लिहिता येणारी माणसे लागतात आणि पगारही बरा असतो. मामाला सांग, त्याच्या जहाजाचा मार्ग बदलायचा सल्ला देणाऱ्यांत अशी माणसे असतात.

बाबांचे म्हणणेही टाकून देण्यासारखे नाही. उच्च माध्यमिकला राज्यशास्त्र शिकवायचे तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात. आधी एम.ए. कर, बी.एड. नंतरही करता येते. उलट क्रमाने गेलेल्या बहुतेक मुली पुन्हा एम.ए.कडे वळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांच्या वर असशील तर नव्या शिक्षण धोरणातले संशोधनासह चौथे वर्ष हाही मार्ग आहे. तुझ्या कॉलेजात त्यासाठी मार्गदर्शक आहे का, हे मात्र आधी विचार. नसेल तर तीन वर्षांवर बाहेर पडून एम.ए.ला जाणे बरे.

आता लगेच करायचे ते एवढेच: १९६१ ची ती दोन इतिवृत्ते वाचून काढ आणि कोणत्याही एका देशाच्या भाषणावर दोन पाने लिही. ती लिहिताना कंटाळा आला तर बी.एड.चा विचार कर, त्यात कमीपणा नाही. आणि सीयूईटीचा अर्ज भरणार असशील तर एक काम आजच उरकून घे. ओबीसीत मोडत असशील तर केंद्रीय विद्यापीठांना राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा आणि चालू वर्षाचा लागतो. आपल्याकडची मुले प्रवेशाच्या दिवशी दिल्लीत उभी राहून डिचोलीच्या कचेरीत फोन लावत बसतात.